जुनं किंग एअर विमान घेताय? तास विचारून झाले की तारखा पण विचारा

गेल्या दीड वर्षात नाशिकच्या तीन जणांनी मला सेम प्रश्न विचारला, दोघं सातपूरचे कारखानदार आणि एक द्राक्षं एक्स्पोर्ट करणारे, की दादा एखादं सेकंडहँड डबल इंजिनचं टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनावर पंखे फिरणारं छोटं विमान) बघून द्या ना. मी आयुष्यभर हँगरमध्ये हात काळे केलेला माणूस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

पहिले तर मुंबईसाठी घेत असाल तर घेऊ नका. तिथे छोट्या विमानाला स्लॉट (उतरायची ठरवून दिलेली वेळ) मिळेपर्यंत तुम्ही गाडीनं पोचून चहा पिऊन झालेला असतो. पण सकाळी नाशिकच्या ओझर विमानतळावरून उडून बेंगळुरूला मीटिंग आणि रात्री घरी जेवायला, असं महिन्यात चारपाच वेळा असेल तर मग गणित बसतं, किंग एअरचं बी200 मॉडेल ताशी 500 किमीच्या आसपास जातं म्हणजे साधारण दोन तासात तिथे.

मॉडेलवर फार डोकं लावू नका. किंग एअर घ्या. त्यातली 90 नंबरची सिरीज 1964 पासून आहे, सी90 लहान कुटुंबाला, बी200 आठेक माणसांना, आणि 350 घ्यायचं तर खिसा अजून मोठा लागतो. तिन्हीला प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं पीटी6 इंजिन, आणि आपल्याकडे कितीतरी राज्य सरकारांनी किंग एअर वापरलेत त्यामुळे त्याच्यावर हात बसलेला एएमई (विमानाचा लायसन्सवाला मेन्टेनन्स इंजिनिअर) शोधला की मिळतो. पियाजिओ अवांती दिसायला एक नंबर, पंखे मागच्या बाजूला वगैरे, पण पार्टसाठी बसून राहाल. शायेन, कॉन्क्वेस्ट, एमयू-2 ही दुसरी जुनी टर्बोप्रॉप स्वस्तात दिसतील, त्यांचं प्रॉडक्शन केव्हाच बंद झालंय.

आता मेन मुद्दा. आपल्याकडे जुना ट्रॅक्टर घेताना पहिला प्रश्न काय असतो, किती तास चाललाय? विमानालाही सगळे तेच विचारतात आणि तिथेच फसतात. बी200 च्या इंजिनाचा टीबीओ (दोन ओव्हरहॉलमधलं अंतर, ओव्हरहॉल म्हणजे पूर्ण खोलून नव्यासारखं करणं) 3600 तासांचा आणि मध्ये 1800 च्या आसपास हॉट सेक्शन, म्हणजे आतल्या गरम भागाची तपासणी. समजा इंजिनं 3300 ला आलीत आणि तुम्ही वर्षाला 150 तास उडवणार, म्हणजे दोन वर्षांनी दोन्ही इंजिनं ओव्हरहॉलला, एकेकाला काही लाख डॉलर. म्हणून जाहिरातीतली किंमत सोडा, त्यात हा खर्च मिळवा आणि मग दोन विमानांची तुलना करा.

पण तास नुसते अर्धी गोष्ट. बाकीचं घड्याळ कॅलेंडरवर चालतं, विमान उभं असलं तरी. हार्टझेल कंपनीचा प्रॉप (पुढचा पंखा) असेल तर सहा वर्षांनी ओव्हरहॉल, लँडिंग गिअर सहा वर्षांनी, पंख जोडणारे विंग बोल्ट पाच वर्षांनी काढून तपासायचे आणि पंधरा वर्षांनी बदलायचे, आणि 200-200 तासांच्या चार फेज इन्स्पेक्शनचा अख्खा राउंड 24 महिन्यांत संपवावा लागतो. एक विक्रेता मला छाती फुगवून सांगत होता की प्रॉप ओव्हरहॉलनंतर फक्त 400 तास झालेत, मी लॉगबुकातली तारीख बघितली तर नऊ वर्षांपूर्वीची! म्हणजे त्या 400 तासांची किंमत शून्य. कमी उडालेलं विमान ऐकायला बरं वाटतं, पण मी तर दर आठवड्याला उडणारं दोनशे तास जास्तीचं विमान आधी बघेन.

लॉगबुक पहिल्या दिवसापासून सलग हवीत. एक जरी हरवलं असेल तर भाव पाडा नाहीतर उठा.

प्री-बाय इन्स्पेक्शन (घेण्याआधीची तपासणी) त्या विमानाचा मेन्टेनन्स करणाऱ्या शॉपकडून करून घ्यायची नाही, दुसरीकडे न्यायचं आणि खर्च आपण करायचा. बोरोस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) घालून टर्बाइनची पाती बघायची, ग्राउंड रनला टॉर्क आणि टेम्परेचर लिहून घ्यायचं, इंजिन ट्रेंडचा डेटा (रीडिंगच्या जुन्या नोंदी) मागायचा, आणि टेस्ट फ्लाइटला वर जाऊन प्रेशरायझेशन (केबिनमधला हवेचा दाब) धरतंय का बघायचं. आणि टॉयलेटखालचं फ्लोअर पॅनेल उघडाच, कोणी नको म्हटलं तरी. मी एकदा उघडलं तर खालच्या अल्युमिनियमवर पांढरी भुकटी, बोटाला लागली तर तांदळाच्या पिठासारखी. विक्रेत्याचा माणूस म्हणे धूळ आहे. धूळ कसली, वर्षानुवर्षं पाणी गळून धातू खाल्लेला होता. सौदा तिथेच मोडला आणि ज्यांच्यासाठी गेलो होतो ते शेठ आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

कागदांचं पण तसंच. अमेरिकेतलं विमान असेल तर ओक्लाहोमा सिटीच्या एफएए (तिथलं विमान खातं) रजिस्ट्रीत टायटल सर्च (मालकी कोणाची ते) करा, आणि केपटाउन करारातली इंटरनॅशनल रजिस्ट्री पण बघा, कर्ज कोणाचं चिकटलेलं नाही ना. टोकन सरळ विक्रेत्याच्या खात्यात टाकायचं नाही, एस्क्रोमध्ये (तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात) ठेवायचं. त्याच्याही आधी डीजीसीएचा (आपलं विमान खातं) आयातीचा सीएआर, म्हणजे नियम, वाचा, जुन्या विमानाला वयाची अट असते, त्यात बसत नसेल तर कितीही चकाचक असलं तरी आपल्या कामाचं नाही.

आणि एक, "रिकामं असेल तेव्हा भाड्यानं देऊ" असं सगळेच म्हणतात. प्रायव्हेट कॅटेगरीत एक रुपया घेता येत नाही, त्याला एनएसओपी (भाड्याच्या उड्डाणांचं परमिट) लागतं, ते वेगळं ऑफिस, वेगळी माणसं. आयात ड्यूटीचं गणितही त्यावर बदलतं, सीएला आधीच बसवा.

विमान ठरायच्या आधी ओझरला उभं कुठे करणार ते लेखी घ्या. धावपट्टी तीन किलोमीटरची, एचएएलची, किंग एअरला भरपूर झाली, प्रश्न छपराचा आहे. जून ते सप्टेंबर उघड्यावर उभं राहिलं की गंज आणि सील दोन्हीची वाट लागते. इंटेकला (इंजिनात हवा जायच्या तोंडाला) कव्हर घातल्याशिवाय एक रात्रही सोडू नका, साळुंक्या दोन दिवसात काड्या आणून भरतात आणि त्या बाहेर काढायचं बिल साळुंकी देत नाही.

फेरी फ्लाइट (विमान उडवत घरी आणायची फेरी) शक्यतो दिवाळीनंतरची ठेवा, म्हणजे आल्या आल्या पावसात उभं राहणार नाही आणि रजिस्ट्रेशनची कामं होईपर्यंत हवा कोरडी मिळते.