‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय की!’ : नेटवर्क ड्रायव्हर लिहिताना या चुका टाळा

समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एखाद्या कारखान्यात यंत्रमागांची माहिती गोळा करणारा गेटवे बसवायचा आहे. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, तुम्ही इंटेलच्या लॅपटॉपवर लिहिलात. गेटवेमध्ये एआरएम प्रोसेसरचा बोर्ड आहे आणि मालकाच्या ऑफिसात एमआयपीएस प्रोसेसरवर चालणारा जुना राउटर आहे. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. बोर्डवर अधूनमधून पॅकेटं गळतात, आणि राउटरवर तर लिंक वर येते पण एकही पॅकेट धड वाचलं जात नाही.

सोलापुरातल्या मुलांच्या प्रोजेक्टांमध्ये हे चित्र नेहमी दिसतं, आणि त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: ‘बोर्डच खराब असेल, माझ्या लॅपटॉपवर चालतंय की!’ बोर्ड सहसा खराब नसतो. तुमच्या लॅपटॉपमधला एक्स८६ प्रोसेसर फार क्षमाशील आहे, तो तुमच्या चुका पोटात घालतो. आपण ज्याला ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणतो, ते बऱ्याचदा या क्षमाशीलतेवर टेकून राहणं असतं.

बॅरियर ‘जादा’ समजून काढून टाकणे

बॅरियर म्हणजे मेमरीतली वाचनं-लेखनं ठरल्या क्रमानेच व्हावीत यासाठीची सूचना. तो नसल्याचं लक्षण असं: भार वाढला की बोर्डवर कधीतरी जुनी लांबी, अर्धवट डिस्क्रिप्टर (पॅकेट कुठे आणि किती लांब आहे हे सांगणारी मेमरीतली नोंद) किंवा मागच्याच पॅकेटचा मजकूर मिळतो. प्रिंट टाकून बघायला गेलं की दोष गायब होतो.

पॅकेट पाठवताना आपण डिस्क्रिप्टरमध्ये पत्ता आणि लांबी भरतो, मग मालकीचा बिट कार्डाच्या नावे करतो आणि शेवटी डोअरबेल रजिस्टरमध्ये, म्हणजे कार्डाला ‘काम आलं’ असं कळवणाऱ्या जागी, लिहितो. एक्स८६ साध्या मेमरीतली लेखनं एकमेकांच्या पुढे-मागे करत नाही. एआरएम आणि आयबीएमचे पॉवर प्रोसेसर करू शकतात. मग कार्डाला मालकीचा बिट आधी दिसतो आणि पत्ता नंतर. म्हणून बिट बदलण्याआधी डीएमए-डब्ल्यूएमबी हा लेखनांचा बॅरियर हवा (डीएमए म्हणजे कार्डाने थेट मेमरी वाचणं-लिहिणं). पॅकेट घेताना ‘काम झालं’ हा बिट वाचल्यावर, बाकीचे रकाने वाचण्याआधी, डीएमए-आरएमबी हा वाचनांचा बॅरियर हवा.

गंमत म्हणजे लिनक्समध्ये हे दोन्ही बॅरियर एक्स८६ वर फक्त कंपायलरला उद्देशून असतात, प्रोसेसरसाठी एकही जादा सूचना तयार होत नाही. ते काढून लॅपटॉपवर वेग वाढल्याचं कोणी सांगत असेल, तर त्याने नक्की काय मोजलं ते आधी विचारा.

रजिस्टरमध्ये लिहिणाऱ्या राइटएलच्या जागी राइटएल-रिलॅक्स्ड टाकणारेही असतात. एआरएमवर साध्या राइटएलमध्ये आधीची लेखनं क्रमाने पोचवणारा बॅरियर असतो, रिलॅक्स्डमध्ये तो नसतो. फायदा खरा आहे, पण बॅरियर कुठे द्यायचा याची जबाबदारी मग पूर्ण तुमची. डोअरबेलचाच खर्च कमी करायचा असेल, तर प्रत्येक पॅकेटमागे ती वाजवू नका. नेटडेव्ह-एक्समिट-मोअर या कर्नलच्या फंक्शनला विचारा, आणखी पॅकेटं रांगेत असतील तर थांबा, शेवटी एकदाच लिहा. रजिस्टरमधलं लेखन सगळ्याच प्रोसेसरवर महाग असतं, त्यामुळे हा वेग सगळीकडे मिळतो. सी भाषेतलं व्होलाटाइल लावल्याने मात्र यातलं काहीच सुटत नाही.

बाइटांचा क्रम गृहीत धरणे

राउटरवर लांबी ६४ ऐवजी १६३८४ दिसते? १६ बिटांच्या रकान्यातले बाइट उलटे वाचले जात आहेत. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चालणाऱ्या स्वस्त राउटरांमध्ये हा घोळ हमखास सापडतो. अथेरॉसच्या चिपांचा एटीएच७९ गट बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) आहे, तर मीडियाटेकचा एमटी७६२१ लिटल-एंडियन (लहान बाइट आधी). दोन्ही एमआयपीएसच.

डिस्क्रिप्टरचे रकाने __एलई१६, __एलई३२ अशा लिटल-एंडियन सांगणाऱ्या प्रकारांनी घोषित करा आणि स्पार्स हे कोड तपासणारं साधन चालवा. मेकला सी=१ दिलं की तो चुकलेल्या ओळी दाखवतो. हार्डवेअरच्या रचनेसाठी सी भाषेतली बिटफील्ड वापरू नका, त्यांचा क्रम कंपायलर आणि प्लॅटफॉर्म ठरवतो. बिट वेगळे काढायला मास्क वापरा.

रूपांतराचा खर्च सलत असेल तर एक छान युक्ती आहे. स्टेटसचा रकाना उलटवून त्यातला बिट तपासण्याऐवजी तो बिटच, म्हणजे स्थिरांक, सीपीयू-टू-एलई३२ मधून काढा आणि थेट रकान्याशी ताडा. उलटापालट कंपाइल करतानाच होते आणि बिग-एंडियन यंत्रावरही चालू वेळेत शून्य खर्च येतो. इंटेलचे ड्रायव्हर हेच करतात.

चौदा बाइटांचा हेडर विसरणे

इथरनेट हेडर १४ बाइटांचा, म्हणून त्यामागचा आयपी हेडर चारच्या पटीत बसत नाही. नेट-आयपी-अलाइनची, म्हणजे पॅकेटाआधी किती बाइट मोकळे सोडायचे त्या कर्नल स्थिरांकाची, नेहमीची किंमत २ आहे ती याचसाठी. एक्स८६ वर ती ० असते, कारण तिथे असं पटीत न बसणारं, वाकडं वाचन स्वस्त आहे. एमआयपीएस २४केसी या कोअरवर असं प्रत्येक वाचन ट्रॅप होतं, म्हणजे प्रोसेसर थांबून कर्नलला हाक मारतो, आणि कर्नल ते सॉफ्टवेअरमधून पूर्ण करतो. पॅकेटं पोचतात, पण रांगत. डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमध्ये) एमआयपीएसखाली ‘अनअलाइन्ड-इन्स्ट्रक्शन्स’चा मोजणी आकडा असतो. तो भराभर वाढत असेल तर चोर सापडला.

कॅश लाइन ६४ आणि पान ४ केबी हे वेदवाक्य मानणे

कॅश लाइन म्हणजे प्रोसेसर मेमरीतून एका वेळी कॅशमध्ये उचलतो तेवढा तुकडा. एमआयपीएस २४केसीवर ती ३२ बाइटांची, पॉवरवर १२८ ची. रचनेत हाताने ६४ पर्यंत भरणा करू नका, त्यासाठी कर्नलचे अलाइनमेंट मॅक्रो आहेत. डीएमए आणि कॅश आपोआप जुळत नसलेल्या बोर्डांवर तर डीएमए बफर आणि दुसरा चल एकाच लाइनमध्ये आले की मजकूरच बिघडतो. डीएमए-एपीआय-डीबग चालू करून एकदा बघा, मॅप-अनमॅपच्या चुका तो नावानिशी सांगतो.

पानाचं, म्हणजे कर्नल मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचंही, तसंच. काही एआरएम६४ कर्नल ६४ केबीच्या पानांवर चालतात. प्रत्येक पॅकेटला एक पान दिलं तर १०२४ डिस्क्रिप्टरांची रिंग (गोल रांग) ४ एमबीऐवजी ६४ एमबी खाते. इंटेलच्या आयजीबी ड्रायव्हरमध्ये ८ केबीपेक्षा लहान पानांसाठी वेगळी वाट लिहिली आहे ती बघा.

‘मार्च=नेटिव्ह’ आणि उगाच प्रीफेच

नव्या मशीनवर नेटिव्ह, म्हणजे त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी, बांधणी केली आणि जुन्या सर्व्हरवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत प्रोग्राम मेला, हा डीपीडीके (कर्नलला वळसा घालून पॅकेटं हाताळणारी लायब्ररी) वापरणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव. वाटायची बायनरी प्लॅटफॉर्म=जेनेरिक ठेवून बांधा आणि प्रोसेसर-विशेष भाग चालू वेळेत निवडा. डीपीडीकेच्याच आयएक्सजीबीई ड्रायव्हरमध्ये एक्स८६ च्या एसएसई आणि एआरएमच्या निऑन सूचनांसाठी वेगळ्या फाइली आहेत, सोबत साधी सी वाटही. ती साधी वाट आधी लिहा. तीच तुमची कसोटी असते.

प्रीफेचबद्दल, म्हणजे मजकूर लागण्याआधीच कॅशमध्ये मागवण्याबद्दल, एवढंच: २०११ मध्ये लिनक्सच्या लिंक्ड-लिस्ट मॅक्रोंमधून ते काढून टाकलं, कारण फायद्यापेक्षा तोटा जास्त निघाला. आकडे नसतील तर घालू नका.

मे महिन्यात दुपारी मोजणे

पारा ४० च्या पुढे, पंख्याच्या जाळीत सुताची धूळ, आणि आपण दोन आवृत्त्यांची तुलना करतोय! रास्पबेरी पाय ४ चिपचं तापमान ८० अंशांवर गेलं की प्रोसेसरचा वेग कमी करतो. सकाळची ‘जुनी’ आणि दुपारची ‘नवी’ आवृत्ती ताडली तर चांगला बदलही वाईट ठरेल. दोन्ही आलटून-पालटून चालवा आणि तापमान व वारंवारता सोबत नोंदवा.

क्यूएमूवर पास झालं म्हणून निश्चिंत होणे

बिग-एंडियन यंत्र सोलापुरात कुठून आणायचं? लॅपटॉपवर क्यूएमूमध्ये (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) एमआयपीएसचं माल्टा मशीन उभं राहतं, आणि बाइटक्रमाच्या चुका तिथे चटकन पकडल्या जातात. पण बॅरियरच्या चुकांसाठी त्याच्यावर विसंबू नका. खाली एक्स८६ असेल तर क्रमाची शिस्त एक्स८६ चीच मिळते, आणि कॅश न जुळण्याचा प्रकार तर क्यूएमू दाखवतच नाही. त्यासाठी बहु-कोअरचा खरा एआरएम बोर्ड घ्या, पॅकेटजेनने भार टाका आणि रात्रभर चालू ठेवा.

पॅच पाठवताना दुरुस्ती आणि वेगवाढ वेगळ्या कमिटमध्ये ठेवा. वेगवाढीच्या कमिटमध्ये प्रोसेसरचं नाव, पॅकेटचा आकार आणि आधीचे-नंतरचे आकडे लिहा. पुढे दुसऱ्या बोर्डवर बिघडलं तर तेवढीच कमिट उलटवता येते.