जुनी पोलीस जीप: राखायची की तोडायची?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात गोठ्याच्या आडोशाला किंवा बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या पत्र्याखाली एखादी जुनी पोलीस जीप अजूनही सापडते. खात्याच्या लिलावात कुणीतरी ती घेतलेली असते, काही वर्षे ती शेतावर राबते, मग क्लच किंवा पंप जातो आणि गाडी जागेवर बसते. वारसदार जागा मोकळी करायला निघतात तेव्हा भंगारवाला वजनावर भाव सांगतो, कोल्हापूरचा जीपवाला सुट्या भागांचा भाव सांगतो आणि बेळगावातला एखादा हौशी माणूस हात जोडून ‘तोडू नका’ म्हणतो. बहुतेक जण अशा वेळी आधी बोनेट उघडतात आणि इंजिन फिरते का ते पाहतात. माझ्या मते सुरुवातच तिथे चुकते, कारण इंजिन, गिअरबॉक्स आणि हाऊसिंग (चाकांचा ॲक्सल व त्यातले गिअर ज्यात बसतात ते कवच) पुन्हा मिळतात किंवा पुन्हा घडवता येतात. कागद, चेसिस आणि ती गाडी पोलिसांची होती हे सांगणाऱ्या खुणा मात्र बाजारात मिळत नाहीत. तपासणी याच क्रमाने करावी.

पहिला दिवस कागदांचा. आरसी पुस्तक, लिलावाची पावती, गाडी ताब्यात दिल्याचे खात्याचे पत्र आणि त्यानंतरच्या प्रत्येक विक्रीचे नमुना २९ व ३० (मालकी बदलाचे अर्ज) एकत्र मांडावेत. यांतले पुष्कळसे कागद कन्नडमध्ये असतात. अंदाजाने अर्थ लावण्यापेक्षा कन्नड नीट वाचणाऱ्या माणसाकडून एकेक ओळ वाचून घ्यावी. गाडी ‘वाहन’ म्हणून विकली होती की ‘गुजरी’ म्हणून, हे त्यात शोधायचे असते. (कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ आणि कन्नडमध्ये गुजरी म्हणजे भंगार, त्यामुळे आमच्याकडे या शब्दावरून थट्टा पुष्कळ होते.) भंगार म्हणून विकून नोंदणी रद्द केलेली असेल, तर ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याचे स्वप्न तिथेच सोडावे; तिला शोभेची म्हणून उभी करता येईल, नाहीतर तिचे भाग इतर जीपांच्या कामी येतील.

कागदांवरच्या नावांनी गोंधळून जाऊ नये. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले आणि शहराचे अधिकृत नाव २०१४ मध्ये बेळगावी झाले. त्यामुळे एकाच गाडीच्या कागदांवर तीन वेगवेगळी नावे दिसली, तरी तेवढ्यावरून कागद बनावट ठरत नाहीत. के.ए. २२ ही बेळगावची, के.ए. २३ ही चिकोडीची आणि के.ए. ४९ ही गोकाकची मालिका असून सरकारी गाडीच्या क्रमांकात पुढे ‘जी’ अक्षर येते. तो क्रमांक खाजगी मालकाच्या नावावर तसाच राहील असे गृहीत धरू नये. आरटीओत आधी विचारावे. ‘वाहन’ या सरकारी पोर्टलवर नोंद दिसली नाही, तर ती जुन्या हस्तलिखित रजिस्टरात असण्याची शक्यता असते आणि तिची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुन्या नोंदीची संगणकावर भरणी, करून घ्यावी लागते. याला फेऱ्या पडतात, पण हे काम होईपर्यंत गाडीवर एक रुपयाही खर्च करू नये.

गाडी सीमेपलीकडे महाराष्ट्रात, म्हणजे गडहिंग्लजच्या बहिणीकडे किंवा कागलच्या शेतावर, कायमची न्यायची असेल तर नमुना २८ वरचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, आणि बारा महिन्यांहून जास्त काळ ती दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो.

दोन नियम इथे उपयोगी पडतात. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले असून अशा गाड्या नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्याव्या लागतात. याचा अर्थ असा, की जुन्या जीपा खात्याकडून थेट लोकांच्या हाती येण्याची वाट जवळजवळ बंद झाली आणि आज खाजगी मालकांकडे आहेत तेवढ्याच उरल्या. दुसरा नियम जुलै २०२१ चा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते आणि नोंदणी दहा वर्षे चालते. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालवता येत नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेले असेल तर ती मूळ स्वरूपात मानली जात नाही, आणि आपल्या भागातल्या बऱ्याच जीपा इथेच अडकतात, कारण पेट्रोल परवडत नाही म्हणून मालकांनी त्यांत डिझेल इंजिन बसवलेले असते आणि आरसीवर इंधन मात्र पेट्रोलच राहिलेले असते. १९८५ च्या सुमारास आलेली महिंद्राची एमएम ५४० जीप तर वयानेच अजून या नियमात बसत नाही.

आता चेसिस. कोणत्या तालुक्यातली गाडी आहे हे आधी विचारावे. जांबोटी-कणकुंबी भागात चार महिने पाऊस कोसळतो, तिथल्या गाडीचा पत्रा वरून चांगला दिसला तरी खालून कुजलेला असतो. अथणी-रायबागकडची गाडी उन्हाने रंग उडालेली, पण हाडाने शाबूत निघते. मडके घेताना टिचकी मारून पाहतात तशी छोटी हातोडी घेऊन चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागे वाजवत जावे. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, आतून गंजलेल्या जागी तो बद्द होतो. स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल (झुलत्या कड्या) जिथे अडकतात त्या जागा, पुढच्या आडव्या पट्टीमागचा बंदिस्त भाग आणि बॉडी टेकते ते ब्रॅकेट यांवर विशेष लक्ष ठेवावे, कारण चिखल तिथेच साचतो. मग गाडी समतल जागी लाकडी ठोकळ्यांवर घेऊन चेसिसच्या चार ठरावीक भोकांतून ओळंबे सोडावेत, जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि दोन्ही कर्ण मोजावेत. पाव इंचापर्यंतचा फरक मी सोडून देतो. त्याहून जास्त फरक असेल तर गाडीला कधीतरी मोठा मार बसलेला आहे असे समजावे आणि मेस्त्रीने ‘करून देतो’ म्हटले तरी सावध राहावे. शेवटी चेसिस क्रमांकाची जागा वायरब्रशने हलकेच घासावी आणि कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यावा. ठसा आरसीशी जुळला नाही, किंवा क्रमांकाभोवती वेल्डिंगची खूण दिसली, तर व्यवहारातून बाजूला व्हावे.

ही गाडी साध्या जीपपेक्षा वेगळी का, याचे उत्तर शोधायला मला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि खरे सांगायचे तर सर्वांत जास्त मजाही तिथेच येते. बिनतारी संचाची चौकट जिथे बसवली होती तिथे डॅशबोर्डखाली चार भोके राहिलेली असतात. एरियलचे भोक बहुधा मागच्या कोपऱ्यात असते, आणि नंतरच्या मालकाने त्यात रबरी बूच मारलेले असते. दिव्याच्या ब्रॅकेटचे बोल्ट, काचेपुढच्या दगडफेक अडवणाऱ्या जाळीचे कान, मागच्या बाकांखालच्या पट्ट्या, ठाण्याचा किंवा खात्याचा पांढऱ्या रंगात लिहिलेला अंतर्गत क्रमांक, या सगळ्या गोष्टी गाडीची साक्ष देतात. रंग पाहायचा असेल तर ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जागा निवडावी, चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासावा आणि दर मिनिटाला पुसून पाहावे. कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळे दिसू लागतात: वर शेवटच्या मालकाचा रंग, त्याखाली राखाडी लांबी (खड्डे भरायची पुट्टी), मग एखादा निळा थर आणि सर्वांत खाली तपकिरी-लाल प्रायमर. त्या वर्तुळांचा फोटो उन्हात, शेजारी पट्टी ठेवून काढावा.

माझ्या पहिल्या जीपच्या वेळी हे शहाणपण मला नव्हते. मी गाडी एका गॅरेजात टाकली आणि महिन्याभराने गेलो तेव्हा पेंटरने सगळी जुनी भोके वेल्डिंगने बुजवून, लांबी मारून, आरशासारखी गुळगुळीत बॉडी माझ्यापुढे उभी केली होती. त्याने मेहनत मनापासून केली होती, त्यामुळे रागावताही आले नाही. गाडी सुंदर झाली आणि पोलीस गाडी राहिली नाही.

यांत्रिक भागांबद्दल थोडक्यात. महिंद्राच्याच उंच बोनेटच्या सीजे-३बी जीपमध्ये २.२ लिटरचे हरिकेन पेट्रोल इंजिन असते, ज्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. ब्लॉकला त्या एक्झॉस्ट जागांपाशी तडा आहे का तेवढे जरूर पाहावे. सीजे ५००डी या डिझेल जीपमध्ये बी-२७५ ट्रॅक्टरचेच इंजिन आहे आणि उसाच्या पट्ट्यात ते डोळे मिटून जोडणारे मेस्त्री अजून आहेत. एमएम ५४० मधले प्यूजोचे २.१ लिटर डिझेलही ओळखीचे आहे. क्रँक, लायनर, बुश यांची कामे बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होतात. म्हणून जाम झालेले इंजिन हा गाडी तोडण्याचा निर्णय घेण्याइतका मोठा दोष मी मानत नाही.

खर्चाचा अंदाज मेस्त्री, डेंटर-पेंटर आणि वायरमन या तिघांकडून वेगवेगळा घ्यावा, बेरजेत निम्मी रक्कम आणखी मिळवावी आणि तो आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवावा. कागद व चेसिस दोन्ही चांगले असतील आणि घरच्यांचा चेहरा फार पडला नाही, तर गाडी राखावी. कागद चांगले पण चेसिस कुजलेले असेल, तर राखणे खर्चाचे असते, आणि दुसऱ्या जीपचे चेसिस आणून त्यावर आपला क्रमांक ठोकण्याचा जो सल्ला हमखास मिळतो तो सरळ गुन्हा आहे. चेसिस चांगले पण कागदच नसतील, तर पोलीस खुणा भरपूर असल्यास गाडी आहे त्या स्थितीत स्वच्छ करून, तेल चोळून, कोरड्या छपराखाली उभी ठेवावी; खुणाही नसतील तर ती तोडायला हरकत नाही. एक चांगली गाडी उभी करायला दुसरी तोडावी लागली, तर त्यात मला वाईट वाटत नाही.

राखायची ठरली तर रंगाची घाई करू नये, आणि रंग देताना ऑलिव्ह ग्रीन टाळावा, कारण तो रंग नियमाने संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. मराठा लाईट इन्फंट्रीच्या गावात जीप म्हटले की सर्वांना तोच रंग हवा असतो, म्हणून मुद्दाम सांगितले. लाल-निळा दिवा आणि सायरन जागेवर बसवायचे झाल्यास त्यांच्या तारा तोडून ठेवाव्यात व रस्त्यावर जाताना दिवा झाकावा किंवा उतरवावा. ‘पोलीस’ ही अक्षरे प्रदर्शनापुरती चुंबकी पट्टीवर ठेवलेली बरी. पोलीस असल्याची बतावणी करणे हा दखल घेण्याजोगा गुन्हा आहे, आणि हौसेने लिहिलेली अक्षरे नाक्यावरच्या हवालदाराला हौसेची वाटतीलच असे नाही.

तोडायची ठरली तर गॅस कटर सर्वांत शेवटी. आधी सगळ्या बाजूंचे फोटो, मग पोलीस खुणांचे भाग, म्हणजे ब्रॅकेट, जाळी, बाक, क्रमांक लिहिलेला पत्रा, काढून वेगळे बांधावेत. ते विकू नयेत, अशीच जीप राखणाऱ्या माणसाला द्यावेत. पुढची आणि मागची हाऊसिंग जोडीनेच विकावी, कारण दोन्हींतल्या गिअरचे गुणोत्तर एक नसेल तर घेणाऱ्याने फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर) ताण येतो. स्टिअरिंग बॉक्स, काचेची चौकट, बोनेट आणि ट्रान्सफर केस यांना गिऱ्हाईक लगेच मिळते. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसावी. जळके ऑइल डब्यात भरून द्यावे, ओढ्याकाठी ओतू नये.

आरसी आणि चेसिस क्रमांकाचा तुकडा कुणी कितीही पैसे देऊ केले तरी हातातून सोडू नये, कारण त्यांना असा भाव देणाऱ्याला जीप नको असते, दुसऱ्या गाडीसाठी ओळख हवी असते. नोंदणी चालू असेल तर उरलेला सांगाडा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देऊन प्रमाणपत्र घ्यावे, गाडी मोडीत निघाल्याचे चौदा दिवसांच्या आत आरटीओला लेखी कळवावे, आरसी जमा करावी आणि नोंदणी रद्द झाल्याचा शिक्क्याचा कागद सातबाऱ्याच्या फायलीत ठेवून द्यावा.