स्टँड नाई, लाइट नाई, तरी कपड्याचे फोटो झकास

विकायच्या कपड्याचे फोटो काढाले घरात जागा नाई म्हणून अडून बसू नका, एक दरवाजा असला की झालं. दरवाजाच्या आत दोन-तीन फुटावर खाट टाका, पांढरी चादर ताणून अंथरा (चादरीलेही इस्त्री करा, तिच्याच सुरकुत्या आधी दिसतात) आन ट्यूब-बल्ब सगळे बंद. इथंच लोकं चुकतात, वाटते जास्त उजेड म्हणजे चांगला फोटो, पण बाहेरचा उजेड निळसर आन बल्ब पिवळा, दोन्ही मिसळले की मोबाईलले खरा रंग समजतच नाई, मंग गिऱ्हाईक म्हणते फोटोत तर साडी वेगळी होती.

सरळ ऊन कपड्यावर नको, आपल्याकडचं दुपारचं तर नकोच बाप्पा. खाटेच्या पल्याड, दरवाजाच्या समोरच्या बाजूनं थर्माकोलची शीट उभी करा, अंधारी बाजू उजळते.

करवती काठाची टसर (काठावर करवतीसारखे दाते असलेली रेशमी साडी) असन तर पूर्ण साडी पसरत बसू नका. घडी करून काठ-पदर वर ठेवा आन करवतीच्या दात्यांचा जवळून एक वेगळा फोटो घ्या. उजेड बाजूनं आडवा पडला की वीण उठून दिसते. जवळून म्हणजे मोबाईल कपड्याले चिकटवून नाई, मागे सरका आन झूम दोन एक्स, नाईतर कडा वाकड्या येतात.

पांढऱ्या चादरीमुळं फोटो काळपट येते, तवा स्क्रीनवर कपड्यावर बोट दाबा आन सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. फिल्टर-बिल्टर लावूच नका. आन लेन्स पुसा आधी, पदरानं पुसली तरी चालते.