तापी खोऱ्यातील भूस्तरीय ओझोनचे संगणकीय प्रतिमान (मॉडेल) कसे उभारावे

ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे (सहज वाफ होणारी कार्बनयुक्त रसायने) यांच्यावर ऊन पडले की तो हवेतच तयार होतो. वाहनांतून नुकताच बाहेर पडलेला नायट्रिक ऑक्साइड मात्र त्याला नष्ट करतो. त्यामुळे भुसावळच्या महामार्गालगत तो कमी आणि वाऱ्याच्या दिशेने पुढे, रावेर-मुक्ताईनगरच्या शिवारात, जास्त आढळू शकतो. केवळ शहरातल्या नोंदींवर प्रतिमान जुळवू नये, असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

खोऱ्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग असून पश्चिमेचे तोंड सुरतेकडे उघडे आहे. डब्ल्यूआरएफ-केम या हवामान आणि हवेतील रसायनांचे गणित एकत्र करणाऱ्या संगणक-प्रणालीत २७, ९ आणि ३ किलोमीटरच्या चौकटींच्या, एकात एक बसणाऱ्या जाळ्या घ्याव्यात आणि सुरतजवळच्या हजिऱ्याचा औद्योगिक पट्टा निदान मधल्या जाळीत यावा. जाळी ढोबळ राहिली तर डोंगरउतार सपाट होतात आणि दिवसा वर चढणारे, रात्री खाली उतरणारे वारे गणितातून निसटतात.

सर्वाधिक कष्ट उत्सर्जनाच्या नोंदींवर घ्यावेत. वाहने आणि दीपनगरचे औष्णिक केंद्र यांचे आकडे जागतिक नोंदसंचांत मिळतात, परंतु शेतजमीन दुर्लक्षित राहते. युरिया आणि पाणी मिळाले की मातीतील जिवाणू नायट्रिक ऑक्साइड सोडतात. कोरड्या जमिनीवर पहिला पाऊस पडतानाही तसाच झोत येतो. केळीला ठिबकमधून खत थोडे थोडे जाते, कपाशीला ते हप्त्यांनी पडते, म्हणून महिन्याची सरासरी न वापरता शेतकऱ्यांना विचारून तारखा भराव्यात. बांधावर जाळलेल्या पऱ्हाट्यांची आग लहान आणि अल्पकाळाची असल्याने उपग्रहाच्या नजरेतून बरेचदा सुटते. तिचाही गावोगावी अंदाज घ्यावा.

सुरुवातीचे काही दिवस गणित स्थिरावण्यासाठी सोडून द्यावेत. पडताळणीत आधी नायट्रोजन डायऑक्साइड, मगच ओझोन तपासावा, कारण एकमेकांना झाकणाऱ्या दोन चुकांतूनही ओझोनचा आकडा बरोबर येऊ शकतो. दुपारचा उच्चांक जुळत असून रात्रीचे आकडे फार चढे येत असतील, तर उत्सर्जनाला हात लावण्याआधी हवेचे उभे मिश्रण आणि जमीन व झाडांच्या पृष्ठभागावर होणारे ओझोनचे शोषण पाहावे.

पिकांवरील परिणाम जोखण्यासाठी दिवसाउजेडी प्रत्येक तासाचे ४० पीपीबीच्या (हवेच्या एक अब्ज भागांत ४० भाग ओझोन) वरचे आधिक्य मोजून त्याची तीन महिन्यांची बेरीज करतात. युरोपात ती मे ते जुलैची धरतात. खानदेशातील रब्बी गव्हासाठी ती डिसेंबर ते फेब्रुवारीची धरावी.