ई-लर्निंग उपक्रमाच्या मूल्यमापनाचा आराखडा कसा करावा

उच्च शिक्षणातील एखाद्या ई-लर्निंग उपक्रमाचे मूल्यमापन करायचे ठरले, की बहुतेक ठिकाणी कामाची सुरुवात एकाच पद्धतीने होते. कुणीतरी जुनी प्रश्नावली शोधून काढतो, तिच्यातील विषयाचे नाव बदलतो आणि सत्राच्या शेवटच्या आठवड्यात तिचा दुवा विद्यार्थ्यांना पाठवून देतो. आलेल्या उत्तरांची सरासरी काढली जाते, ती बरी असते आणि अहवालात ‘विद्यार्थी एकंदरीत समाधानी आहेत’ असे वाक्य जाते. एवढा खटाटोप करूनही पुढच्या सत्रात नेमके काय बदलायचे, हे कुणालाच सांगता येत नाही. साधन आधी निवडून प्रश्न मागाहून शोधला, की असेच होणार. आराखड्याचा क्रम याच्या नेमका उलट असायला हवा : आधी निर्णय, मग प्रश्न, त्यानंतर पुरावा आणि सर्वांत शेवटी साधन.

या लेखात मूल्यमापन म्हणजे विद्यार्थ्यांना गुण देणे नव्हे. ऑनलाइन चाचण्या, चर्चामंच, ध्वनिचित्रफितींतील व्याख्याने किंवा सिम्युलेशन (संगणकावर घडवलेली प्रत्यक्ष परिस्थितीची नक्कल) यांसारखा उपक्रम ज्या हेतूने सुरू केला तो हेतू साधतो आहे का, हे तपासणे म्हणजे मूल्यमापन.

उपक्रमाचे वर्णन

विद्यार्थ्याने प्रत्यक्षात काय करायचे आहे आणि ते केल्याने त्याला काय येऊ लागेल अशी अपेक्षा आहे, हे चार-पाच वाक्यांत लिहावे. ते लिहिता येत नसेल तर मूल्यमापन थांबवून आधी उपक्रमाची रचना पाहावी.

निर्णयापासून प्रश्नापर्यंत

सगळे आराखडे येथेच फसतात आणि हाच टप्पा मलाही बराच काळ नीट जमत नव्हता. समितीच्या बैठकीत मांडला जाणारा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी ‘हा उपक्रम परिणामकारक आहे का?’ असा असतो. ऐकायला तो भारदस्त वाटतो. पण कुणासाठी परिणामकारक, कशाच्या मानाने आणि किती, यांपैकी काहीच त्यात नसल्यामुळे कोणत्याही माहितीने त्याचे उत्तर ‘होय’ असे देता येते. असा प्रश्न आराखड्यात राहू देऊ नये, मग तो कितीही वरिष्ठ व्यक्तीने मांडलेला असो.

त्याऐवजी असे विचारावे की या मूल्यमापनानंतर कोण, कोणता निर्णय, केव्हा घेणार आहे. समजा, संख्याशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या अभ्यासक्रमात दर आठवड्याला एक ऑनलाइन स्वयंचाचणी ठेवलेली आहे आणि चुकलेल्या उत्तरावर विद्यार्थ्याला लगेच स्पष्टीकरण उघडता येते. पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी विभागाला तीनपैकी एक पर्याय निवडायचा आहे : चाचण्या ऐच्छिक ठेवणे, त्यांना अंतर्गत गुण देऊन त्या सक्तीच्या करणे किंवा त्या बंद करून तो वेळ उदाहरणे सोडवण्याच्या तासाला देणे. निर्णय इतका स्पष्ट झाला, की प्रश्न आपोआप लहान होतात. चाचण्या कोण सोडवतो आणि कोण सोडवत नाही? चुकल्यावर स्पष्टीकरण वाचले जाते का? ते वाचणाऱ्याला तशाच प्रकारचे पुढचे उदाहरण सुटते का? न सोडवणारे का सोडवत नाहीत? या चार प्रश्नांना उत्तरे मिळाली, तर विभागाला खरोखर काहीतरी ठरवता येते.

प्रश्न कामाचा आहे की नाही, हे ओळखण्याची माझी एक कसोटी आहे आणि ती मी कुणासाठीही सैल करत नाही. प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे कागदावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर, हे उत्तर आले तर आपण काय करू, ते लिहावे. दोन्ही ठिकाणी एकच कृती येत असेल, तर तो प्रश्न काढून टाकावा. ‘विद्यार्थ्यांना संकेतस्थळाची रंगसंगती आवडली का?’ हा प्रश्न या कसोटीवर ताबडतोब पडतो, कारण रंगसंगती बहुधा संस्थेने ठरवलेली असते आणि ती बदलणे शिक्षकाच्या हातात नसते. सुरुवातीला पंधरा-वीस प्रश्न निघतात. कसोटी लावल्यावर तीन-चार उरतात, आणि तेवढेच पुरे असतात. प्रश्न वाढवण्याचा आग्रह धरणारे सहकारी ‘माहिती गोळा करतोच आहोत, तर हेही विचारून घेऊ’ असे म्हणतात. अशा वेळी त्या माहितीचे विश्लेषण कोण आणि केव्हा करणार, एवढेच शांतपणे विचारावे.

दुसरा सापळा तुलनेचा आहे. ‘ऑनलाइन चांगले की वर्गातले चांगले?’ हा प्रश्न वारंवार समोर येतो आणि त्यावर वर्षानुवर्षे शक्ती खर्च झालेली आहे. शिकण्यातला फरक माध्यमामुळे पडत नसून त्या माध्यमातून वापरलेल्या अध्यापनपद्धतीमुळे पडतो, असा युक्तिवाद अमेरिकी शैक्षणिक संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी 1983 मध्येच केला होता. त्याच क्षेत्रातील संशोधक रॉबर्ट कोझ्मा यांनी पुढे त्याचा प्रतिवाद केला आणि तो वाद मिटला असे म्हणता येत नाही. पण आराखडा करणाऱ्यासाठी क्लार्क यांचा इशारा पुरेसा आहे. ऑनलाइन गटाला वर्गातील गटापेक्षा जास्त सराव मिळाला, लगेच अभिप्राय मिळाला किंवा वेगळा शिक्षक मिळाला, तर निकालातला फरक नेमका कशाचा मानायचा? एका तुकडीला स्वयंचाचण्या देऊन दुसरीला न देता वर्षअखेरीस गुण ताडून पाहण्याची सूचना कुणी केली, तर ती मान्य करू नये.

याहून फसवी तुलना एकाच वर्गात दडलेली असते. स्वयंचाचण्या नियमित सोडवणाऱ्यांचे परीक्षेतील गुण इतरांपेक्षा जास्त निघतात आणि तो आकडा उपक्रमाच्या यशाचा पुरावा म्हणून मिरवला जातो. मुळात मेहनती असलेले विद्यार्थीच ऐच्छिक चाचण्या सोडवतात. ते चाचण्यांविनाही पुढेच राहिले असते. यावर बऱ्यापैकी सोपा उपाय आराखड्याच्या वेळीच करता येतो, नंतर येत नाही. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. पहिल्या गटाला अर्ध्या घटकांच्या चाचण्या द्याव्यात, दुसऱ्याला उरलेल्या अर्ध्या घटकांच्या द्याव्यात, आणि परीक्षेत चाचणी मिळालेल्या व न मिळालेल्या घटकांवर प्रत्येक गटाने काय केले ते पाहावे. प्रत्येक विद्यार्थ्याला निम्मा लाभ मिळत असल्याने कुणावर अन्यायही होत नाही, आणि परीक्षेपूर्वी सर्व चाचण्या सर्वांना खुल्या करायच्या नाहीत एवढे पथ्य पाळावे लागते. हे शक्य नसेल तर निदान आधीच्या परीक्षेतील गुण लक्षात घेऊन, सारख्या पातळीच्या विद्यार्थ्यांचीच आपसांत तुलना करावी आणि निष्कर्ष जपून मांडावा.

प्रश्न पक्के झाले, की ‘चांगले’ कशाला म्हणायचे ते माहिती हाती येण्यापूर्वी लिहून ठेवावे. चूक झाल्यावर स्पष्टीकरण उघडणाऱ्यांपैकी निदान किती जणांना तसेच पुढचे उदाहरण सुटले, तर चाचणी उपयोगी मानायची? हा आकडा विभागाने चर्चेने ठरवावा. आकडे पाहिल्यावर मर्यादा ठरवली, तर ती हमखास हाती आलेल्या आकड्याच्या किंचित खाली बसते.

पुरावा कशातून मिळवावा

आता कुठे साधनांचा विचार करायचा. प्रत्येक प्रश्नासमोर त्याला लागणारा पुरावा लिहावा आणि महत्त्वाच्या प्रश्नाला किमान दोन वेगळ्या प्रकारचे पुरावे ठेवावेत, कारण प्रत्येक साधनाची एक ठरलेली खोड असते.

प्रश्नावलीतून विद्यार्थ्याला काय वाटले ते कळते. तो काय शिकला ते कळत नाही. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अभ्यासक डॉनल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये नोकरीतील प्रशिक्षणासाठी प्रतिक्रिया, शिकणे, वर्तन आणि परिणाम या चार पातळ्या मांडल्या. त्या जशाच्या तशा महाविद्यालयीन आराखड्यात उतरवण्याची पद्धत मला पटत नाही, पण पहिली पातळी गाठली म्हणजे दुसरी गाठली असे नव्हे, एवढे त्यांतून जरूर घ्यावे. हार्वर्ड विद्यापीठातील प्रास्ताविक भौतिकशास्त्राच्या वर्गांवर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याबाबत डोळे उघडणारा आहे. वर्गात स्वतः उदाहरणे सोडवणारे विद्यार्थी, नुसते व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा चाचणीत सरस ठरले; मात्र आपण कमी शिकलो असेच त्यांना वाटत होते. तो अभ्यास वर्गातला होता, ऑनलाइन नव्हे; तरीही डोक्याला ताण देणारी स्वयंचाचणी आणि ऐकायला गोड वाटणारे ध्वनिचित्रफितीतील व्याख्यान यांची निवड केवळ पसंतीच्या गुणांवर केली, तर काय होईल याची कल्पना त्यावरून येते.

मूडलसारख्या, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्या संगणकप्रणालीत आपोआप होणाऱ्या नोंदींवर अनेकांचा आंधळा विश्वास असतो. पान केव्हा उघडले ते नोंदीत दिसते. ते वाचले की शेजारच्या टॅबमध्ये दुसरेच काही चालू होते, ते दिसत नाही. ‘सरासरी बावीस मिनिटे अभ्यास’ असे वाक्य निव्वळ या नोंदींच्या आधारे कधीही लिहू नये. ‘पूर्ण’ असा शेरा मिळण्याची अटही आधी तपासावी, कारण काही ठिकाणी शेवटचे पान उघडले तरी तो शेरा मिळतो. नोंदींचा खरा उपयोग क्रम आणि गळती पाहण्यासाठी आहे : चूक झाल्यावर विद्यार्थी स्पष्टीकरणाकडे गेला की थेट पुढच्या प्रश्नाकडे, आणि कोणत्या आठवड्यापासून येणे थांबले.

‘का?’ या प्रश्नाचे उत्तर मुलाखतीतच मिळते. सहा ते आठ मुलाखती पुरतात, मात्र त्यांपैकी निम्म्या तरी उपक्रम सोडून दिलेल्या विद्यार्थ्यांच्या असाव्यात. तिसऱ्या आठवड्यात गळालेला विद्यार्थी सत्राअखेरची प्रश्नावली भरायला परत येत नाही, म्हणून सर्वांत महत्त्वाची तक्रार कागदावर कधीच येत नाही. एका तासाच्या मुलाखतीचे शब्दांकन करायला चार-पाच तास सहज जातात, हे वेळेच्या हिशेबात धरावे.

प्रश्नावली द्यायचीच असेल तर

ती एका पानाची असावी. एका वाक्यात दोन गोष्टी विचारू नयेत. ‘चाचण्या सोप्या आणि उपयुक्त होत्या’ याला ‘सहमत’ म्हणणारा नेमका कशाशी सहमत आहे, ते कळत नाही. मतापेक्षा कृती विचारावी : ‘गेल्या आठवड्यातील चाचणीत उत्तर चुकल्यावर तुम्ही काय केले?’ शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवावा आणि त्याची उत्तरे खरोखर वाचावीत. पाठवण्यापूर्वी तीन-चार विद्यार्थ्यांना ती समोर बसवून मोठ्याने बोलत भरायला सांगावी.

वेळापत्रक

निर्णयाच्या तारखेपासून मागे मोजत यावे. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकल स्क्रिव्हेन यांनी 1967 मध्ये केलेला घडणात्मक (उपक्रम चालू असताना सुधारणेसाठी केलेले) आणि अंतिम (उपक्रम संपल्यावर केलेले) मूल्यमापन यांतील भेद येथे कामाला येतो : सत्राच्या मध्यावर केलेली छोटी पाहणी याच विद्यार्थ्यांच्या कामी पडते, शेवटची पाहणी पुढच्यांच्या. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतील आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये. तेव्हा नावीन्याचा उत्साह असतो आणि तांत्रिक अडचणींचा वैतागही. परीक्षेच्या आठवड्यात काहीही विचारू नये.

संमती आणि गोपनीयता

हा भाग संस्थेच्या नियमांनुसार करावाच, पण नियमांत बहुधा नसलेल्या दोन गोष्टी मी आग्रहाने सांगेन. ज्याच्या हातात गुण आहेत त्या शिक्षकाने स्वतः मुलाखती घेऊ नयेत आणि गुण जाहीर होईपर्यंत त्याने नावानिशी असलेली उत्तरे पाहू नयेत. दुसरे असे की, नाव काढले म्हणजे ओळख पुसली जातेच असे नाही. बारा जणांच्या वर्गात वय, लिंग आणि आधीची शाखा एवढ्यावरून कोण ते सहज कळते, म्हणून लहान गटात असे तपशील मुळातच विचारू नयेत.

एका पानाचा आराखडा

निर्णय, प्रश्न, प्रत्येक प्रश्नाचा पुरावा, तो कुणाकडून व केव्हा मिळणार, काम कोण करणार, किती तास लागणार आणि आधी ठरवलेली मर्यादा, हे सर्व एका पानावर बसवावे. पान भरून वाहू लागले तर अक्षर बारीक न करता प्रश्न कमी करावेत. तासांची बेरीज उपलब्ध माणसांच्या तासांपेक्षा जास्त निघाली, तरीही तेच करावे.

हे पान निर्णय घेणाऱ्या व्यक्तीला माहिती गोळा करण्यापूर्वी दाखवून, ‘असे उत्तर आले तर तुम्ही असे करणार ना?’ हे तोंडी विचारून घ्यावे. उत्तर टाळले गेले तर निर्णय आधीच झालेला आहे असे समजावे आणि मुलाखतींवरचे तास वाचवून ते मध्यावरच्या पाहणीला द्यावेत, कारण त्या पाहणीतून निघणाऱ्या दुरुस्त्या विषयशिक्षक कुणाच्याही मंजुरीविना त्याच सत्रात करू शकतो.