गुलाबाचं खरं तेल परफ्युममध्ये कसं वापरायचं

पहिली गोष्ट, बाटली उघडून थेट नाक लावू नका. खरं गुलाबाचं तेल इतकं दाट असतं की तसं हुंगलं तर औषधी, उग्र वाटतं, गुलाब कळतो तो पातळ केल्यावरच.

विकत घेताना ऑटो आहे की ॲब्सोल्यूट ते विचारा, तेल काढायच्या पद्धतीवरून पडलेली ही दोन नावं. ऑटो वाफेवर काढतात, बल्गेरियातलं कझानलक आणि तुर्कस्तानातलं इस्पार्ता त्यासाठी प्रसिद्ध, 1 किलो तेलाला साधारण 3 ते 4 हजार किलो फुलं लागतात, मग किंमत तशी असणारच. थंडीत ते बाटलीतच गोठतं, आत बारीक सुयांसारखे कण दिसतात, घाबरू नका, दोन मिनिटं मुठीत धरा, परत पातळ होतं. ॲब्सोल्यूट सॉल्व्हंटने, म्हणजे वास विरघळवून घेणाऱ्या द्रवाने काढतात, रंग लालसर नारिंगी, वास मधासारखा गोड. ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफेवर काढताना, फुलातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल हे गुलाबाच्या वासाचं द्रव्य बरंचसं पाण्यात निघून जातं, ॲब्सोल्यूटमध्ये मात्र ते राहतं, म्हणून मला तेच ताज्या फुलाच्या जास्त जवळचं वाटतं आणि सुरुवातीला तेच घ्या असं मी सांगेन. कन्नौजच्या पारंपरिक गुलाब अत्तरात भपक्यातच, म्हणजे वाफ जमा होते त्या भांड्यातच, चंदनाचं तेल असतं, निव्वळ गुलाब हवा तर रूह गुलाब मागायचं.

आता मिश्रण. गुलाब आणि चंदनाचे थेंब मोजू नका, वजनकाटा घ्या. 1 ग्रॅम ॲब्सोल्यूट, 9 ग्रॅम परफ्युमर्स अल्कोहोल (परफ्युम बनवायला वापरतात ते), झालं 10 टक्क्यांचं सोल्यूशन. यातलं 1 ग्रॅम, चंदनाचं असंच 10 टक्क्यांचं 4 ग्रॅम, वेलची तेलाच्या अशाच सोल्यूशनचे फक्त 2 थेंब, वर अल्कोहोल घालून एकूण 10 ग्रॅम करा. गुलाब याहून वाढवायचा मोह होईल पण नको, त्यात मिथाइल युजेनॉल नावाचं द्रव्य असतं आणि त्वचेवर लावायच्या परफ्युममध्ये त्याला मर्यादा आहे. 3 आठवडे अंधारात ठेवा, मग कागदाच्या पट्टीवर लावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पट्टी परत हुंगा, खरी मजा तिथे आहे.

भेसळीचं सांगतो. एकदा मी स्वस्तात घेतलेली बाटली पट्टीवर लावली तर हिरवा, पुदिन्यासारखा वास, म्हणजे गुलाबाऐवजी जिरेनियम या झाडाचं तेल! आपल्या खानदेशातल्या रोशा गवताचं तेलसुद्धा एकेकाळी मुंबईहून तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळायचे, दोन्हीत जिरॅनिऑल हे गुलाबासारख्या वासाचं द्रव्य असतं ना, म्हणून खपून जायचं.