मध्यम किमतीची बर्बन चाखायची कशी

बर्बन म्हणजे मुख्यतः मक्याची अमेरिकन व्हिस्की. त्यातली वाइल्ड टर्की १०१ घ्या, अमेरिकेतल्या केंटकी राज्याची आहे, प्रीमियम बाटल्यांएवढा खिसा कापत नाही आणि १०१ प्रूफ म्हणजे ५०.५ टक्के अल्कोहोल, त्यामुळे चव दणकून लागते. बर्फ, कोक आत्ता नको. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात जेमतेम तळ झाकेल एवढीच ओता, दहा मिनिटं राहू द्या. वास घेताना नाक आत खुपसू नका, नुसता झणका बसेल, तोंड किंचित उघडं ठेवून ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणा, मग व्हॅनिला, कॅरमल जाणवायला लागतं. ही सगळी पिंपाची करामत, बर्बनला आतून जाळलेलं नवंकोरं ओकचं पिंप लागतंच (आणि धान्यात मका किमान ५१ टक्के). पहिला घोट हिशोबात धरायचा नाही, तो जिभेला सवय व्हावी म्हणून. दुसरा तोंडभर फिरवा, आधी गोडी, मागून राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) हिचा मिरीसारखा तिखटपणा. गिळल्यावर चव लगेच गायब आणि नुसती जळजळ उरली तर माझ्या लेखी बाटली नापास. आता चार थेंब पाणी टाकून परत हुंगा, दबलेले वास सुटतात. जमलं तर शेजारी मेकर्स मार्क ही दुसरी बर्बन ठेवा, तिच्यात रायऐवजी गहू असतो, फरक लगेच कळेल. ठेचा खाल्ला असेल तर हा उद्योग उद्या करा.